ऑक्सिडीकरण आणि क्षपण: इलेक्ट्रॉनांचा हिशोब मुळापासून

ऑक्सिजन मिळाला की ऑक्सिडीकरण, गेला की क्षपण. हायड्रोजन गेला की ऑक्सिडीकरण, मिळाला की क्षपण. दहावीपर्यंत या चार ओळींवर भागतं. पुढे जस्ताचा तुकडा मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात टाकल्याची अभिक्रिया समोर येते. जस्त विरघळतं, तांबं बाहेर पडतं, आणि यात ना ऑक्सिजनची देवाणघेवाण असते ना हायड्रोजनची. पाठ केलेल्या चारही ओळी तिथे निकामी ठरतात. त्या चुकीच्या नाहीत, पण मुळाशी असलेल्या गोष्टीची ती फक्त बाहेरून दिसणारी रूपं आहेत.

मूळ गोष्ट एकच आहे. ज्याने इलेक्ट्रॉन गमावले त्याचं ऑक्सिडीकरण झालं, ज्याने मिळवले त्याचं क्षपण झालं. द्रावणात इलेक्ट्रॉन सुटे फिरत राहत नाहीत. एकाकडून जितके निघाले तितकेच दुसऱ्याकडे पोचले पाहिजेत, म्हणून या दोन क्रिया नेहमी जोडीने घडतात आणि जोडीला रेडॉक्स म्हणतात. समीकरण संतुलित करणं, अनुमापनातली (एका द्रावणाने दुसऱ्याची तीव्रता मोजण्यातली) आकडेमोड, कोणता धातू कोणाला बाहेर काढेल याचा अंदाज, हे सगळं या बरोबरीतून निघतं.

दोन शब्द सुरुवातीलाच पक्के करा, कारण निम्म्या चुका तिथे होतात. ऑक्सिडक म्हणजे दुसऱ्याचं ऑक्सिडीकरण करणारा, म्हणजे त्याच्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेणारा. त्यामुळे ऑक्सिडकाचं स्वतःचं क्षपण होतं. क्षपणक इलेक्ट्रॉन देतो, म्हणून त्याचं स्वतःचं ऑक्सिडीकरण होतं. वरच्या उदाहरणात जस्त क्षपणक आहे आणि तांब्याचा आयन ऑक्सिडक. ‘क्षपण’ या शब्दात घट आहे, मग इलेक्ट्रॉन वाढतात कसे, असा प्रश्न पडतोच. घटतो तो ऑक्सिडीकरण अंक. इलेक्ट्रॉन ऋणप्रभारित असल्यामुळे ते आले की अंक खाली येतो: +२ चा तांब्याचा आयन दोन इलेक्ट्रॉन घेऊन ० वर उतरतो.

(इथे समीकरणांत पदार्थांची नावं लिहिली आहेत. वहीत सोडवताना सूत्रं लिहा, अणू मोजायला सोपं जातं.)

ऑक्सिडीकरण अंक काढणं

जस्त आणि तांब्यात इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले ते उघड दिसतं. परमँगनेटसारख्या आयनात (एक मँगनीज, चार ऑक्सिजन, प्रभार −१) दिसत नाही, कारण तिथे मँगनीज आणि ऑक्सिजन इलेक्ट्रॉन वाटून घेतात. अशा ठिकाणी आपण एक करार करतो: बंधातले इलेक्ट्रॉन ज्या अणूची ओढ जास्त त्याचेच धरायचे. त्यातून प्रत्येक अणूला जो आकडा मिळतो तो ऑक्सिडीकरण अंक. हा अणूवरचा खरा प्रभार नव्हे, हिशोबासाठी मानलेला आकडा आहे. परमँगनेटमधल्या मँगनीजचा अंक +७ निघतो, पण त्या अणूवर प्रत्यक्ष सात धनप्रभार नसतात.

नियम थोडेच आहेत, पण क्रम महत्त्वाचा. दोन नियमांत भांडण झालं तर आधीचा जिंकतो. मुक्त मूलद्रव्याचा अंक ०, मग तो ऑक्सिजन वायू असो, गंधक असो वा तांब्याची तार. एकाच अणूचा आयन असेल तर त्यावरचा प्रभार हाच अंक. फ्लोरिनचा संयुगात नेहमी −१. सोडियम, पोटॅशियम यांच्या गटाचा +१, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांच्या गटाचा +२. मग हायड्रोजन +१, आणि सर्वांत शेवटी ऑक्सिजन −२. शेवटी सगळ्यांची बेरीज: उदासीन संयुगात ०, आयनात त्याच्या प्रभाराइतकी.

क्रम का, ते हायड्रोजन पेरॉक्साइडवर पाहा. दोन हायड्रोजन, दोन ऑक्सिजन. हायड्रोजन आधी येतो, त्याला +१ द्या. एकूण +२ झाले. बेरीज ० हवी, म्हणून प्रत्येक ऑक्सिजनला −१ मिळतो. ‘ऑक्सिजन म्हणजे −२’ एवढंच पाठ असेल तर गणित इथेच फसतं. सोडियम हायड्राइडमध्ये तसंच: सोडियम आधी, त्याचा +१, म्हणून हायड्रोजनला −१ घ्यावा लागतो.

आता डायक्रोमेट आयन. दोन क्रोमियम, सात ऑक्सिजन, प्रभार −२. सात ऑक्सिजनचे मिळून −१४. बेरीज −२ यायला दोन क्रोमियमचे मिळून +१२ हवेत, म्हणजे एकाचा +६. उत्तरपत्रिकेत इथे +१२ लिहिलेलं वारंवार दिसतं. अंक नेहमी एका अणूचा असतो. भागाकार करायला विसरू नका.

अमोनियम नायट्रेटमध्ये सापळा वेगळा आहे. त्यात दोन नायट्रोजन आहेत, म्हणून दोघांचा मिळून अंक काढून सरासरी +१ लिहिली जाते. गणित जुळतं, रसायनशास्त्र जुळत नाही. अमोनियम आयनातल्या नायट्रोजनचा अंक −३, नायट्रेटमधल्याचा +५. संयुग आयनांत फुटत असेल तर आधी फोडा, मग मोजा. आणि अपूर्णांक आला तर घाबरू नका. मॅग्नेटाइटमध्ये लोखंडाची सरासरी ८/३ येते, कारण तिथे तीनपैकी एक अणू +२ आणि दोन +३ असतात.

ही रेडॉक्स आहे की नाही?

कसोटी सोपी आहे: एखाद्या तरी मूलद्रव्याचा अंक अभिक्रियेच्या आधी आणि नंतर वेगळा असला पाहिजे. तरीही डोळ्यांना दिसणारा रंग, फेस, चकाकी यांवरून अंदाज बांधण्याचा मोह होतो.

तांब्याच्या भांड्यावर चढलेला हिरवा थर चिंचेने घासला की निघतो आणि आतलं तांबं चमकतं. हे क्षपण वाटतं, पण नाही. त्या हिरव्या थरातल्या तांब्याचा अंक +२ असतो. चिंचेतल्या आम्लात तो थर विरघळतो आणि विरघळल्यावरही तांबं +२ च राहतं. थराचं पुन्हा धातूत रूपांतर झालेलं नाही. थर निघून गेला आणि खालचा धातू दिसला, एवढंच. खाण्याचा सोडा आणि लिंबू यांचा फेस, चुनकळीवर पाणी टाकल्यावर होणारी प्रचंड उष्णता, या दोन्हींतही एकाही अणूचा अंक हलत नाही.

द्राक्षबागेत आणि सुपारीच्या बागेत वापरलं जाणारं बोर्डो मिश्रण यासाठी फार चांगलं उदाहरण आहे. १ टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना एकत्र येतात तेव्हा रंग बदलतो, आकाशी साका तयार होतो, पण तांबं +२ च राहतं. म्हणजे मिश्रण तयार होणं ही रेडॉक्स नव्हे. आता बागाईतदार त्याची चाचणी कशी घेतात ते पाहा. घासून स्वच्छ केलेलं लोखंडी पातं किंवा सळई मिश्रणात मिनिटभर बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे. पानं भाजतील, म्हणून आणखी निवळी घालतात. ही चाचणी मात्र पूर्णपणे रेडॉक्स आहे. चुना पुरेसा असेल तर तांबं साक्यात अडकलेलं असतं. कमी असेल तर तांब्याचे मोकळे आयन उरतात, ते लोखंडाकडून दोन इलेक्ट्रॉन घेतात आणि पात्यावर धातू म्हणून बसतात. हे मिश्रण लोखंडी पिंपात करू नये, प्लॅस्टिक किंवा लाकडाचं भांडं घ्यावं, या सल्ल्यामागेही हेच कारण आहे.

एक उदाहरण केवळ वाचण्यासाठी, करून पाहण्यासाठी अजिबात नाही. कपड्यांचं ब्लीच आणि संडास साफ करण्याचं आम्ल एकत्र आलं की क्लोरिन वायू सुटतो. ब्लीचमधल्या हायपोक्लोराइटमध्ये क्लोरिनचा अंक +१, हायड्रोक्लोरिक आम्लात −१. दोघं मध्यावर येऊन ० अंकाचा वायू बनतो. बंद न्हाणीघरात हा वायू जिवावर बेतू शकतो.

समीकरण संतुलित करणं: अर्धअभिक्रियेची रीत

ऑक्सिडीकरण अंकाच्या रीतीनेही संतुलन होतं, पण द्रावणातल्या अभिक्रियांसाठी अर्धअभिक्रियेची रीत आम्ही जास्त भरवशाची मानतो, कारण तिच्यात चूक झाली तर प्रभार जुळत नाही आणि चूक लगेच सापडते. आम्लधर्मी द्रावणात परमँगनेट आणि फेरस आयन यांची अभिक्रिया घेऊ. परमँगनेटपासून मँगनीजचा +२ आयन बनतो, फेरसपासून (लोखंडाच्या +२ आयनापासून) फेरिक, म्हणजे +३ आयन.

आधी दोन भाग वेगळे लिहा:

परमँगनेट → मँगनीज(+२)
फेरस → फेरिक

आता परमँगनेटचा भाग. मँगनीज दोन्हीकडे एकेक आहे. ऑक्सिजन डावीकडे चार, उजवीकडे शून्य. ज्या बाजूला ऑक्सिजन कमी तिथे पाणी घाला, म्हणून उजवीकडे ४ पाणी. त्यामुळे उजवीकडे आठ हायड्रोजन आले. डावीकडे ८ हायड्रोजन आयन घाला. आता प्रभार मोजा. डावीकडे −१ आणि +८ मिळून +७, उजवीकडे +२. फरक पाचाचा, म्हणून डावीकडे ५ इलेक्ट्रॉन:

परमँगनेट + ८ हायड्रोजन आयन + ५ इलेक्ट्रॉन → मँगनीज(+२) + ४ पाणी

पडताळा म्हणून अंक पाहा. मँगनीज +७ वरून +२ वर आला, म्हणजे पाचच इलेक्ट्रॉन. दोन वाटांनी एकच आकडा आला की पुढे जायचं. फेरसचा भाग एका ओळीचा:

फेरस → फेरिक + १ इलेक्ट्रॉन

एकाला पाच हवेत, दुसरा एकच देतो. म्हणून फेरसची ओळ पाचाने गुणा आणि दोन्ही ओळी मिळवा. इलेक्ट्रॉन दोन्हीकडून कटतात:

परमँगनेट + ५ फेरस + ८ हायड्रोजन आयन → मँगनीज(+२) + ५ फेरिक + ४ पाणी

शेवटचा पडताळा प्रभाराचा. डावीकडे −१ + १० + ८ = +१७. उजवीकडे +२ + १५ = +१७. जुळलं.

सर्वांत जास्त चुका क्रम मोडल्याने होतात. आधी मुख्य अणू, मग पाण्याने ऑक्सिजन, मग हायड्रोजन आयन, आणि इलेक्ट्रॉन सर्वांत शेवटी. इलेक्ट्रॉन आधी टाकून मग पाणी घातलं तर प्रभार पुन्हा बिघडतो. दुसरी चूक: अर्धअभिक्रिया गुणताना फक्त मुख्य आयन गुणला जातो आणि पाणी तसंच राहतं. संपूर्ण ओळ गुणायची असते.

उदासीन किंवा सौम्य आम्लारीधर्मी द्रावणात परमँगनेट इतकं खाली येत नाही, मँगनीज +४ वर म्हणजे मँगनीज डायऑक्साइडवर थांबतं आणि तपकिरी साका दिसतो. सल्फाइट आयनाबरोबरची अभिक्रिया घ्या. रीत तीच: आधी आम्लधर्मी समजून सोडवा. परमँगनेटला ३ इलेक्ट्रॉन लागतात, सल्फाइटचं सल्फेट होताना २ निघतात, म्हणून गुणक २ आणि ३. बेरजेनंतर डावीकडे २ हायड्रोजन आयन आणि उजवीकडे १ पाणी उरतं. पण आम्लारीधर्मी द्रावणाच्या समीकरणात हायड्रोजन आयन लिहिता येत नाहीत, म्हणून दोन्हीकडे २ हायड्रॉक्साइड आयन मिळवा. डावीकडे त्यांचं २ पाणी होतं, त्यातलं एक उजवीकडच्या पाण्याशी कटतं:

२ परमँगनेट + ३ सल्फाइट + पाणी → २ मँगनीज डायऑक्साइड + ३ सल्फेट + २ हायड्रॉक्साइड

दोन्हीकडे प्रभार −८. हायड्रॉक्साइड एकाच बाजूला मिळवणं ही इथली हमखास चूक.

करून पाहा: खिळा, आणि आयोडीनचा रंग

५ ग्रॅम मोरचूद १०० मिली पाण्यात विरघळवा, साधारण ०.२ मोलर (लिटरमागे ०.२ मोल) द्रावण होतं. काचेचं भांडं घ्या, ॲल्युमिनियमचं नको. साधा लोखंडी खिळा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा आणि अर्धा बुडेल असा सोडा. एका मिनिटात तांबूस झाक येते, वीस-तीस मिनिटांत चांगला थर बसतो. पुरेसे खिळे घालून एक-दोन दिवस ठेवलं तर निळा रंग फिकट होत हिरवट होतो, कारण द्रावणात आता हिराकसातलं (फेरस सल्फेटमधलं) फेरस आयन आलेलं असतं. मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकाची भांडी वापरू नका, हात धुवा, लहान मुलांना एकट्याने करू देऊ नका.

काहीच घडलं नाही तर कारणं ठरलेली. खिळ्यावर तेल किंवा लाखेचा थर असेल तर द्रावण धातूला टेकतच नाही. खिळा स्टेनलेस स्टीलचा असेल तर त्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर आड येतो. तांबूसऐवजी काळपट भुकटी सुटत असेल तर खिळ्यावर जस्ताचा मुलामा आहे; तिथे अभिक्रिया जस्ताची आणि इतकी जलद होते, की तांबं बारीक कणांत बाहेर पडतं.

अचूक काटा असेल तर खिळ्याचं वजन आधी आणि थर न सांडता वाळवून नंतर करा. ते वाढलेलं दिसेल. ५५.८५ ग्रॅम लोखंड विरघळतं तेव्हा ६३.५५ ग्रॅम तांबं बसतं, कारण दोन्हीकडे दोनच इलेक्ट्रॉनांचा व्यवहार आहे आणि तांब्याचा अणू जड आहे.

दुसरा प्रयोग कपाटातल्या औषधांवर होतो. पोव्हिडोन आयोडीनच्या ५ टक्के द्रावणाचे दहा थेंब १०० मिली पाण्यात टाका. व्हिटॅमिन सीची ५०० मिलिग्रॅमची गोळी कुटून ५० मिली पाण्यात ढवळा आणि हे पाणी थेंब थेंब पहिल्यात सोडा. चार-पाच थेंबांतच पिवळट तपकिरी रंग नाहीसा होतो. आयोडीन ० वरून −१ वर आलं, आयोडाइड रंगहीन असतं. व्हिटॅमिन सीने दोन इलेक्ट्रॉन दिले. आता शंका काढा: रंग आंबटपणामुळे तर गेला नसेल? तसाच दुसरा पेला घेऊन त्यात व्हिनेगर टाका. रंग थोडा फिका होईल तो पाण्यामुळे, पण जाणार नाही. ही तुलना केल्याशिवाय पहिल्या निरीक्षणाला काही अर्थ नाही.

कोण कोणाकडून इलेक्ट्रॉन घेणार

लोखंडाने तांब्याला बाहेर काढलं, मग तांब्याची तार हिराकसात टाकली तर? काही होत नाही. दिशा ठरवते ती क्षपणाची प्रमाण विभवं. हायड्रोजन ० धरून जस्त −०.७६ व्होल्ट, लोखंड −०.४४, कथील −०.१४, तांबं +०.३४, आयोडीन +०.५४, फेरिकवरून फेरस +०.७७, चांदी +०.८०, आम्लातला ऑक्सिजन +१.२३, डायक्रोमेट +१.३३, क्लोरिन +१.३६, आम्लातलं परमँगनेट +१.५१. आकडा जितका वर, तितकी इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ जास्त. वरचा खालच्याकडून इलेक्ट्रॉन घेतो, उलट होत नाही. हे आकडे प्रमाण परिस्थितीचे आहेत. संहती (द्रावणाची तीव्रता) आणि आम्लता बदलली की थोडे सरकतात, आणि अभिक्रिया किती वेगाने होईल ते त्यांवरून कळत नाही.

इलेक्ट्रॉन खरंच वाहतात हे पाहायचं असेल तर दोन भाग वेगळ्या पेल्यांत ठेवा. एकात झिंक सल्फेटचं द्रावण आणि जस्ताची पट्टी, दुसऱ्यात मोरचूद आणि तांब्याची पट्टी. पोटॅशियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवलेली गाळणकागदाची पट्टी दोन्ही पेल्यांत बुडवून मल्टिमीटर जोडा. ०.३४ वजा −०.७६, म्हणजे १.१ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. कागदी पट्टी उचलली की तो लगेच पडतो, कारण आयनांची वाट बंद झाली.

याच यादीतून घरातली एक जुनी गोष्ट उलगडते. बिनकल्हईच्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते. तांब्याचा आकडा हायड्रोजनच्या वर आहे, म्हणजे नुसत्या आम्लाने तांबं विरघळायला नको. विरघळतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे: तो +१.२३ वर बसलेला आहे, तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेतो, आणि आंबटपणा त्याला लागणारे हायड्रोजन आयन पुरवतो. म्हणून कल्हई. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकतो तो धातूवरचा ऑक्साइडचा थर काढण्यासाठी, कारण त्या थरावर वितळलेलं कथील धरत नाही. कल्हईनंतर अन्न तांब्याला टेकतच नाही. मात्र कल्हई झिजून तांबूस डाग दिसू लागले की त्या भांड्यात आंबट ठेवणं थांबवा.

अनुमापन: परमँगनेट आणि फेरस अमोनियम सल्फेट

बारावीच्या प्रात्यक्षिकात हमखास येणारा हा प्रयोग. परमँगनेटच्या द्रावणाची संहती अज्ञात आहे, फेरस अमोनियम सल्फेटची माहीत आहे, आणि १ : ५ हे प्रमाण आपण वर काढलं आहे.

१. ०.०५ मोलर प्रमाणित द्रावणासाठी ४.९० ग्रॅम फेरस अमोनियम सल्फेट तोलून घ्या (रेणुवस्तुमान ३९२). ते आधी थोड्या विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळवा, मग २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी भरा. नुसत्या पाण्यात विरघळवलं तर हवेने फेरसचं फेरिक होत जातं आणि द्रावण पिवळसर गढूळ दिसतं. असं द्रावण टाकून नवं करा.

२. १ मोलर सल्फ्युरिक आम्लाचे २५० मिली हवे असतील तर सुमारे १४ मिली तीव्र आम्ल पाण्यात हळूहळू सोडा. आम्ल पाण्यात, पाणी आम्लात कधीही नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच.

३. ब्युरेट परमँगनेटने खळबळून भरा. तोटी काचेची असावी. रबरी नळीवर परमँगनेटची क्रिया होते. द्रावण गडद असल्याने पृष्ठभागाची खालची कड दिसत नाही, म्हणून इथे वरच्या कडेवर वाचन घ्यायचं, सुरुवातीला आणि शेवटीही.

४. पिपेटने १० मिली फेरस द्रावण शंकुपात्रात घ्या, त्यात २० मिली १ मोलर सल्फ्युरिक आम्ल घाला. तापवू नका.

५. परमँगनेट थेंब थेंब सोडत पात्र हलवत राहा. प्रत्येक थेंबाचा रंग जातो. एका थेंबाने आलेला फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. वेगळा दर्शक लागत नाही. त्यानंतर काही वेळाने रंग गेला तरी आणखी थेंब टाकू नका.

समजा वाचनं ९.८, ९.७, ९.७ मिली आली. ९.७ स्थिर धरा. फेरसचे मिलिमोल ०.०५ × १० = ०.५, परमँगनेटचे त्याच्या पाचव्या भागाइतके, ०.१. संहती ०.१ ÷ ९.७ = ०.०१०३ मोलर. पोटॅशियम परमँगनेटच्या रेणुवस्तुमानाने, १५८ ने, गुणलं की प्रतिलिटर १.६३ ग्रॅम. पाचाने भागायचं विसरलात तर उत्तर पाचपट येईल.

आता बिघाड. पात्रात तपकिरी गढूळपणा आला तर आम्ल कमी पडलं: परमँगनेट +२ पर्यंत न जाता +४ वर अडकलं, एका परमँगनेटने पाचाऐवजी तीनच इलेक्ट्रॉन घेतले आणि १ : ५ चं प्रमाण मोडलं. ते वाचन बाद करा. समीकरणाप्रमाणे ०.१ मिलिमोल परमँगनेटला ०.८ मिलिमोल हायड्रोजन आयन पुरतात, आणि वरच्या २० मिलीत त्याच्या पंचवीसपटीहून कमी नसतात. इतकं जास्त यासाठी, की जिथे थेंब पडतो तिथेही आम्ल कमी पडू नये.

आम्ल सल्फ्युरिकच का? यादी बघा. परमँगनेट +१.५१, क्लोरिन +१.३६. हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं तर परमँगनेट क्लोराइडकडूनही इलेक्ट्रॉन काढतं आणि ब्युरेटचं वाचन फुगतं. नायट्रिक आम्ल स्वतःच ऑक्सिडक. ते फेरस खातं आणि वाचन घटतं. डायक्रोमेटचा आकडा +१.३३ आहे, म्हणून त्याच्या अनुमापनात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल चालतं.

फेरस तापवायचं नाही, पण ऑक्झॅलिक आम्लाचं अनुमापन असेल तर ६० ते ७० अंशांपर्यंत तापवावंच लागतं. या दोन प्रयोगांची गल्लत दरवर्षी होते. फेरस गरम केलं तर हवेने त्याचं ऑक्सिडीकरण वाढतं आणि वाचन कमी येतं. ऑक्झॅलिक आम्लाची अभिक्रिया थंडपणी इतकी संथ असते, की पहिल्याच थेंबाचा गुलाबी रंग टिकतो आणि अंत्यबिंदू आला असं वाटतं. गरम असूनही पहिला थेंब रेंगाळतो. तयार झालेला मँगनीजचा आयन स्वतःच उत्प्रेरक बनतो आणि पुढचे थेंब झरझर विरतात. उकळू मात्र नका, ऑक्झॅलिक आम्लाचंच विघटन होतं.

परमँगनेट तोलून थेट प्रमाणित द्रावण का करत नाहीत? कारण त्यात थोडं मँगनीज डायऑक्साइड असतंच, पाण्यातल्या सेंद्रिय कचऱ्यानेही ते बदलतं आणि उजेडाने विघटन वाढतं. द्रावण उकळून, थंड करून काचलोकरीतून गाळतात. गाळणकागद वापरू नका. कागद सेंद्रिय आहे, परमँगनेट त्याचंच ऑक्सिडीकरण करतं. द्रावण तपकिरी बाटलीत ठेवा, आणि परमँगनेटचे खडे ग्लिसरीनच्या जवळही नको: दोन्ही एकत्र आले की काही क्षणांत आग लागू शकते.

काम संपल्यावर ब्युरेट लगेच धुवा. राहिलाच तपकिरी डाग, तर तो मँगनीज डायऑक्साइडचा आहे आणि साबणाने हलत नाही. काचेवर ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण आणि थोडं विरल सल्फ्युरिक आम्ल टाकलं की तो विरघळतो. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, म्हणून बोटांवरच्या डागाला व्हिटॅमिन सीची ओली गोळी चोळा. काचेवरच्या डागाचं समीकरण आता स्वतः सोडवून पाहा. मँगनीज +४ वरून +२ वर येतं, म्हणजे २ इलेक्ट्रॉन घेतं. ऑक्झॅलिक आम्लातले दोन कार्बन +३ वरून +४ वर जातात, म्हणजे मिळून २ इलेक्ट्रॉन देतात. गुणकांची गरज नाही:

मँगनीज डायऑक्साइड + ऑक्झॅलिक आम्ल + २ हायड्रोजन आयन → मँगनीज(+२) + २ कार्बन डायऑक्साइड + २ पाणी